बाबांच्या सुरांमधली जागा

३ जून, सोमवार

बाबांचा पत्र्याचा डबा शेवटी उघडला. सहा वर्षं तो माझ्या कॉटखाली पडून होता. ते गेल्यावर मिनीबस विकली, तेव्हा सीटखालून जे जे निघालं ते आईने त्यात कोंबलं होतं: पाने, वायपरचे रबर, फुटका आरसा. खरं सांगायचं तर मला आतलं काहीच नको होतं. डबा बोटांनी वाजवायचा आणि तो आवाज टिपून ठेवायचा, एवढाच बेत होता. तळाशी एक कॅसेट निघाली. वर नाव नाही, तारीख नाही.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. आधी इंजिनाची घरघर. ती बंद झाली. मग बाबा खाकरले, आणि वेळूच्या नळ्यांचा सिकू सुरू झाला.

पण फक्त आर्का, जोडीतला अर्धा भाग. एक सूर, मग जागा. दोन सूर, मग जागा. अकरा मिनिटं बाबा एकटेच फुंकतायत आणि दर रिकाम्या जागेत नेमके थांबतायत, समोर कुणी वाजवत असल्यासारखे. समोर कुणीही नाही. हेडफोन दाबून पाचदा ऐकलं. गाडी उभी आहे, काचा वर आहेत, आत माणूस एक.

बाबांना सिकू येत होता हेच मला छत्तिसाव्या वर्षी कळतंय.

आई अंगणात बसून चुन्यो, गोठवून सुकवलेले बटाटे, निवडत होती. मी आवाज वाढवला आणि ओरडून विचारलं, "आई, हे बाबाच ना?"

"बंद कर ते," ती म्हणाली. "सूप उतू जातंय."

स्टोव्हवर सूप नव्हतंच. साठी झाल्यापासून ती असं काहीतरी बोलते.

५ जून

माझ्या मैत्रिणीचा, इवेतचा फोन. आमच्या एल आल्तोच्या खाली, ला पाझ शहरात, जुन्या सूतगिरणीत तिने सभागृह काढलंय आणि तीन ऑगस्टची संध्याकाळ मला दिलीय. चाळीस मिनिटं. अकरा वर्षं मी मिनीबसवाल्यांच्या आरोळ्या, प्रेशर कुकर, पत्र्यावरच्या गारा असं गोळा करून वाजवतेय आणि ऐकायला वीस माणसं येतात, त्यातली आठ वाजवणारीच असतात. या वेळी दोनशे खुर्च्या आहेत. या वेळीही जमलं नाही तर शाळेत संगीत शिकवायची नोकरी घेईन असं मी आईला कबूल केलंय. आईने आठवण करून द्यायची गरज नाही, तरी ती देते.

"सेनो, पोस्टरवर काय लिहू? आयमारा लोकांचा वारसा वगैरे लिहू का?"

"लिही, सेनोबिया सिर्पा आवाज करते."

"मग तुझी आईसुद्धा यायची नाही."

"ती तशीही येत नाही."

तिला कॅसेट ऐकवली. ती खालच्या वस्तीतली, तिला सिकू म्हणजे पर्यटकांच्या दुकानातली शोभेची वस्तू. तिला समजावलं की सिकू एकट्याचं वाद्य नाही. सहा नळ्यांचा इरा एकाकडे, सात नळ्यांचा आर्का दुसऱ्याकडे. सूर दोघांत वाटलेले असतात. इरा पुढे जातो, आर्का मागून उत्तर देतो. एकट्याने वाजवलं तर अर्धंच गाणं होतं.

"मग तुझे बाबा अर्धंच गाणं का वाजवत बसले?" तिने विचारलं.

तेच तर. फोन ठेवल्यावर तासभर मला दुसरं काही सुचलं नाही. कार्यक्रमात हेच वाजवायचं, हे मात्र ठरलं.

९ जून, रविवार

चार दिवस कॉम्प्युटरसमोर. जागा मोजल्या, बाबांच्या सुरांवरून हरवलेले सूर कोणते असतील त्याचा हिशोब मांडला, आणि यंत्राने बनवलेला इरा त्या जागांत बसवला. गाणं पुरं झालं. पण एखाद्याने दुसऱ्याच्या तोंडात घास कोंबावा तसं ऐकू येतं.

आई बाजारातून आली, पाठीवरचं गाठोडं उतरवलं आणि दारातच उभी राहिली. मी पाहत होते ते तिला माहीत नव्हतं.

"तिसऱ्या ठिकाणी एवढी जागा नाहीये," ती म्हणाली. "तिथे श्वास चोरायचा असतो."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत असणार? मी चुन्यो विकते."

आणि आत गेली. मी तिसऱ्या जागेतला सूर लवकर उचलून पाहिला. बसला! नुसता बसला नाही, पुढचे चार आपोआप जागेवर आले. लहानपणी गावात सतत कानावर पडलं असणार तिच्या. अशा माणसांचे कान फुकट जातात याचं वाईट वाटतं.

१३ जून

आज तिला सरळ विचारलं, बाबांबरोबर इरा कोण वाजवायचं?

"असेल कुणी. मेलं असेल आता."

"मी गावी, सिवेन्कपाताला जाऊन विचारते."

"काय करायचंय तिथे जाऊन? थंडीने मरशील. तुझी ती यंत्रं बघून कुत्रीसुद्धा हसतील."

गाव सोडून पस्तीस वर्षं झाली, पण आई-बाबा एकदाही परत गेले नाहीत. इतरांचे आईबाप सणाला गावी जायचे, आम्ही इथेच एल आल्तोत. मला वाटायचं, गरिबीची लाज वाटत असेल.

पण संध्याकाळी तिनेच शिदोरी बांधली: उकडलेले बटाटे, सुकं मांस, चीजचा मोठा तुकडा. गाठ मारता मारता म्हणाली, "मेलितोनला विचारू नकोस."

"कोण मेलितोन?"

"फार बोलतो तो."

२० जून, सिवेन्कपाता

पाच तास बस, मग तासभर पायी. गावात वीसेक घरं, त्यातली निम्मी बंद. उद्या आमचं नवं वर्ष, पहाटे उगवत्या सूर्यापुढे तळहात धरायला शहरातूनही माणसं आलीत, त्यामुळे बोलायला कुणी ना कुणी भेटतंच.

"फोर्तुनातोचा इरा?" बाबांचं नाव ऐकून ताता आनाक्लेतो पोमा हे म्हातारे छाती ठोकून म्हणाले. "मीच की! माझ्याशिवाय त्याला होतं कोण?"

बाकावर शेजारी बसलेले दुसरे म्हातारे खो खो हसले. "तू? तुझ्या फुंकीने मेणबत्ती विझत नव्हती. पोरी, खरा इरा मी. मेलितोन हुआल्पा."

झालं. विचारू नको म्हटलेला माणूस आपणहून समोर आला. मी काय करणार?

दोघांत जुंपली. शेवटी मी छोटा स्पीकर दगडावर ठेवला आणि म्हटलं, दोघांनीही वाजवून दाखवा. आनाक्लेतोंनी नळ्या ओल्या करायला त्यांत घोटभर दारू ओतली, उरलेली स्वतः प्यायले, आणि बाबांच्या सुरांवर धावत सुटले. दुसऱ्या ओळीत धडपडले. "ही टेप वाकडी आहे," म्हणाले.

मेलितोननी वाजवायला घेतलं आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर सगळे बरोबर. पण त्या तिसऱ्या जागेत ते उशिरा पोचले. पुन्हा वाजवलं, पुन्हा उशीर. मग त्यांनी सिकू मांडीवर ठेवला आणि पुढे वाजवलंच नाही.

"ही टेप कधीची?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. गाडीत बसून भरलेली आहे."

"एकटाच होता?"

"एकटेच."

ते उठून घरी गेले. आनाक्लेतो म्हणाले, हरला म्हणून पळाला.

२२ जून

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी मेलितोन शेतात चुन्यो तुडवत होते. गोठलेले बटाटे पसरलेले, त्यावर अनवाणी पायांनी गोल गोल फिरायचं, पाणी पिळून निघेपर्यंत. मला म्हणाले, नुसती उभी राहू नकोस, ये. मी बूट काढले. पायांना आधी भाजल्यासारखं होतं, मग काहीच वाटत नाही.

"ती जागा आमच्यातल्या कुणाचीच नाही," ते म्हणाले. "तिथे तसा श्वास फक्त बासिलिया चोरायची."

"कोण बासिलिया?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच कीव आली.

"तुझी आई, पोरी. किती बासिलिया माहीत आहेत तुला?"

बायकांनी सिकूला तोंड लावायचं नाही, असा गावाचा नेम होता. आई माळावर मेंढ्या चारताना शिकली, बाबांनीच शिकवलं. ऐकायला फक्त मेंढ्या. त्या वर्षी मे महिन्यातल्या क्रूसाच्या सणाला बाबांचा जोडीदार तापाने पडला. तो जोडीदार म्हणजे मेलितोनच. मंडळी अडली. तेव्हा आईने भावाचा ढगळ पोंचो चढवला, डोक्यावर मेलितोनची टोपी घातली आणि चौकात दिवसभर इरा वाजवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि पोंचो का, माहीत आहे?" ते म्हणाले. "तू होतीस आत. चार महिन्यांची."

मी बटाट्यांवर उभीच राहिले. ते म्हणाले, थांबू नको, पाय गोठतील.

पुढच्या जानेवारीत गारा पडल्या. अर्ध्या घटकेत सगळं पीक सपाट. सभा भरली, कुणाच्या हातून काय चुकलं याचा शोध सुरू झाला. आणि एकाने उठून सांगितलं की बाईने सिकू फुंकलाय, तोही पोटुशी असताना.

"कुणी सांगितलं?"

ते चालत राहिले. एक फेरी, दोन फेऱ्या.

"फक्त मलाच माहीत होतं," ते म्हणाले. "टोपी माझी होती ना."

सभेने तिच्या हातून इरा काढून घेतला. बाबा उभे राहिले, म्हणाले, तिला नाही तर मलाही नाही, आणि आपला आर्का गुडघ्यावर मोडला. तीन महिन्यांची मी पाठीवर, आणि दोघं बस पकडायला निघाले.

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण त्याआधी मी विचारलं, "बाबांनी आर्का मोडला, मग गाडीत काय वाजवत होते?"

"नवा केला असेल. तुझ्या बापाचे हात चांगले होते."

निघताना त्यांनी लोकरी फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. सहा नळ्या. "सभेने माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या. तिला दे. काही बोलू नकोस, नुसत्या दे." बसमध्ये उघडून पाहिल्या. पस्तीस वर्षांत वेळू सुकून तडकायला हवा होता. या नळ्या गुळगुळीत, तेल लावलेल्या, दोराही नवा. म्हाताऱ्या माणसांना वस्तू जपायचं वेडच असतं.

२३ जून

आईसमोर फडकं ठेवलं. ती बाजारातून नुकतीच आली होती, हातांवर चुन्योची पांढुरकी धूळ. तिने सोडलं, एक नळी नाकाशी नेली.

"अजून तेल लावतो," म्हणाली. मग हसली की काय ते मला कळलं नाही, कारण लगेच ओरडली, "सांगितलं होतं ना त्याला विचारू नको म्हणून!"

"मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं."

"म्हटलं होतं ना, फार बोलतो."

"आई, तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्यामुळे गावाचं पीक गेलं हे सांगू?"

"गारा सिकूमुळे पडत नाहीत."

"तू होतीस का तिथे?" ती म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत, "होतीस म्हणा," असं पुटपुटत नळ्या घेऊन आत गेली. दार लावलं.

१ जुलै

आठ दिवस आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतो. मी शाळेचा अर्ज भरून ठेवलाय. आईच्या नकळत तिचंच गाणं दोनशे माणसांसमोर लावणं बरोबर नाही, आणि विचारायची हिंमत नाही. इवेतला म्हटलं, दुसरं काहीतरी करते. ती म्हणाली, पोस्टर छापून झालीत.

आईचे ओठ फुटलेत. दोन ठिकाणी रक्त आलंय. म्हटलं, चरबी लाव, जुलैची हवा वाईट असते. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

७ जुलै, रविवार

पाकीट विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून घरी आले. बाजाराचा दिवस, आई घरी असायचं कारण नाही. पण अंगणापर्यंत टेप ऐकू येत होती. आणि जागा रिकाम्या नव्हत्या.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. धापा टाकणारा इरा, मध्येच फाटणारा. आठ-दहा सूर जुळायचे, मग सुटायचे. मग टेप बंद, मागे, पुन्हा सुरू. शेवटी काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मी आत गेले.

ती दचकली नाही. फार दमली होती.

"ही कॅसेट त्याने माझ्यासाठी भरली," ती म्हणाली. "तू तेव्हा शाळेत होतीस. म्हणाला, आता घरात कुणी नसतं, याच्यासोबत वाजव. तेव्हाही त्याने केलेल्या नव्या इरावर मी एकदा करून पाहिलं. त्याला सांगितलं नाही."

"मग?"

"टेप थांबत नाही. तुझा बाप थांबायचा." तिने शालीच्या टोकाने ओठ पुसला. "इरा मी होते. मी जाईन तसं त्याने यायचं. इथे मेलेल्या माणसाच्या मागे मला धावायला लागतंय."

मी पाकीट न घेताच परत बाहेर पडले. पाय चालत होते आणि डोकं त्यांच्यापुढे धावत होतं. टेप थांबत नाही. पण सूर थांबू शकतो! सूर सुटा केला तर तो माझ्या हातात असेल.

१६ जुलै

बाबांचे सात सूर कापले. दर सुराच्या निरनिराळ्या फुंकरी वेगळ्या केल्या: जोराच्या, हलक्या, एक जी खोकल्यात संपते. सगळ्या कीबोर्डच्या कळांवर बसवल्या. कळ दाबली की बाबा फुंकतात. न दाबली तर गप्प बसतात. यंत्र काही ठरवत नाही.

आईला म्हटलं, तू जा पुढे, मी येते.

तिने बराच वेळ कीबोर्डकडे पाहिलं. "हे म्हणजे तू त्याच्या तोंडाने वाजवणार?"

"हो."

"आणि चुकलीस तर?"

"तर बाबा चुकतील."

यावर ती मोठ्याने हसली. मग तासभर मी इतक्या वेळा चुकले की तिने मला बोट दाखवून, "फोर्तुनातो, झोपलास का?" असं दटावलं. नाव तोंडातून निघाल्यावर दोघीही थांबलो. मग तिनेच पुन्हा सुरुवात केली.

२४ जुलै

ती कार्यक्रमाला यायला तयार आहे. मी विचारलंही नव्हतं. भांडी घासता घासता म्हणाली, दोन अटी.

"पोंचो घालणार नाही. माझा घागरा, माझी शाल, माझी टोपी."

"आणि दुसरी?"

"मेलितोनला बोलव. पहिल्या रांगेत बसव."

मला वाटतं तिला त्याला शरमिंदं करायचंय. मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे की. ती म्हणाली, तुला नाही कळायचं, तू फोन कर.

३ ऑगस्ट, शनिवार

केबल कारमधून खाली जाताना आई काचेला नाक लावून बसली होती, नळ्या कुशीत.

दोनशेपैकी दीडशे खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत ताता मेलितोन, सूट घालून, टोपी गुडघ्यांवर. आईने त्यांना लांबून मान हलवून ओळख दिली. ते उठून उभे राहिले आणि बसायचंच विसरले. मागच्या बाईने कोट ओढून बसवलं.

सुरुवातीला वीस मिनिटं मी एकटी होते: पत्र्याचा डबा, आरोळ्या, बंद होणारं इंजिन. मग आई आली. नळ्यांत दारू ओतली, चार थेंब लाकडी फळ्यांवर धरणीमातेसाठी सांडले. इवेत म्हणाली होती, मंचावर काही सांडू नका. आईने ते ऐकलं होतं.

तिने पहिला सूर लावला. मी उत्तर दिलं.

सरावात कधीच गेली नव्हती तशी ती आज गेली. कुठे ताणलं, कुठे उडी मारली, एका ठिकाणी इतकी थांबली की मला वाटलं श्वास संपला. संपला नव्हता. ती बघत होती मी येते का. मला पडदे, माणसं, काहीच दिसत नव्हतं, फक्त तिची छाती भरताना दिसत होती. तिसऱ्या जागेत तिने श्वास चोरला आणि माझं बोट आपसूक पडलं. शेवटचा सूर आर्काचा असतो. ती थांबली, नळ्या खाली घेतल्या, माझ्याकडे पाहिलं. खोकल्यात संपणारी ती एक फुंकर मी शेवटासाठी ठेवली होती. दाबली.

टाळ्या पडल्या की नाही ते इवेतला विचारायला हवं.

बाहेर मेलितोन जिन्याशी उभे होते. "चांगलं वाजवलंस, बासिलिया," म्हणाले.

"टोपी सांभाळा, ताता," आई म्हणाली. "वारा आहे."

एवढंच. पस्तीस वर्षांनी! मी तर म्हणते काहीतरी नीट बोलायला हवं होतं.

४ ऑगस्ट, रविवार

बाजाराचा दिवस, तरी ती गेली नाही. मी उठले तेव्हा माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर, मायक्रोफोनसमोर बसली होती. ओठांना चरबी चोपडलेली, मांडीवर नळ्या.

"आता माझे घे," म्हणाली. "एकेक करून. सहाही. जोरातले, हळूतले, सगळे."

"अख्खं गाणंच घेऊ या ना, सलग. छान येईल."

"सलग नको." तिने पहिली नळी ओठांशी नेली आणि पुन्हा खाली घेतली. "सलग घेतलंस तर पुढे ज्याच्या हातात पडेल तो नुसता ऐकत बसेल."

मी बटण दाबलं.